मेंदूची परीक्षा आणि माणसाची परिस्थिति

पॅरिस शहराच्या दक्षिणेस बिसेत्र नांवाचें एक जुनें रुग्णालय आहे. सन १८६१ च्या एप्रिल महिन्यांत तेथील शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांच्या हाताखालीं एक ५१ वर्षांचा रोगी उपचारासाठीं आला. हा मनुष्य सुमारें २१ वर्षें त्याच रुग्णालयांत राहत होता, आणि या सर्व काळांत 'तां' या एका उच्चारापलीकडे त्याच्या तोंडून क्वचितच दुसरा शब्द निघे. दुसऱ्यानें बोललेलें त्याला समजत असे, उत्तर देण्याची इच्छाहि त्याच्या मुद्रेवर व हातवाऱ्यांत स्पष्ट दिसे. परंतु ओठांवर येई तें 'तां, तां' एवढेंच. सोबतचे रोगी त्याला त्याच नांवानें ओळखीत. १७ एप्रिल रोजीं तो वारला. ब्रोका यांनीं त्याचा मेंदू तपासला, तेव्हां डाव्या गोलार्धाच्या पुढील भागांत मोठी हानि झालेली आढळली. वाचाशक्ति मेंदूच्या अमुक एका भागावर अवलंबून असते ही गोष्ट या उदाहरणानें विद्वानांपुढें ठामपणें मांडली गेली, आणि मेंदूच्या विकृतीवरून मनाच्या व्यापारांचा शोध घेणाऱ्या एका नव्या शास्त्राचा पाया घातला गेला. त्या शास्त्रास पुढें मज्जामानसशास्त्र असें नांव पडलें. त्यांतील जी शाखा प्रत्यक्ष रोग्याची तपासणी करून त्याचें काय गेलें, काय राहिलें, आणि जें राहिलें त्याच्या आधारानें काय परत मिळवितां येईल हें ठरविते, ती त्याची चिकित्सेची शाखा होय.

परंतु पाया घालतांनाच एक गोष्ट मागें राहून गेली. त्या रोग्याचा मेंदू पॅरिसमध्यें आजहि जतन करून ठेवलेला आहे. पण तो मेंदू ज्याचा, तो मनुष्य कोण होता हें दीडशें वर्षें कोणीं फारसें विचारलें नाहीं. ग्रंथांतून तो लेबोर्न्य या आडनांवानें अथवा नुसत्या 'तां' या उच्चारानें वावरला. जुन्या दप्तरांतून त्याचें चरित्र २०१३ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां कळलें कीं त्याचें पूर्ण नांव लुई व्हिक्टर लेबोर्न्य. मोरे नांवाच्या लहानशा गांवीं तो जन्मला. त्याचे वडील शाळामास्तर होते. आणि तो स्वतः जोड्यांचे लाकडी साचे तयार करणारा कारागीर होता. तरुणपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत, आणि वयाच्या तिसाव्या वर्षीं वाचा गेल्यावर त्याला रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. शास्त्रानें मेंदू राखला आणि माणूस गमावला, असें म्हटल्यास तें अगदींच अन्यायाचें होणार नाहीं. हा मनुष्य पुन्हां कसा सांपडला, आणि त्याचें वय, त्याचा धंदा, त्याची भाषा, त्याची शाळा व त्याचा गांव हीं सर्व ध्यानांत घेतल्यावांचून मेंदूची परीक्षा करतां येत नाहीं हें शास्त्रास हळूहळू कसें उमगलें, त्याचा हा संक्षिप्त इतिहास आहे.

प्रथम भाषेचाच प्रश्न पुढें आला. ज्यास एकच भाषा येते त्याची वाचा गेली म्हणजे ती सगळीच गेली. परंतु दोन-तीन भाषा बोलणाऱ्या मनुष्यास मेंदूचा आघात झाला तर कोणती भाषा आधीं परतते? फ्रेंच तत्त्वज्ञ थेओद्यूल रिबो यांनीं १८८१ सालीं स्मृतीच्या विकारांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत असा नियम सांगितला कीं, जें प्रथम शिकलें तें शेवटपर्यंत टिकतें. अर्थात् आईच्या मांडीवरची भाषा अधिक चिवट. पुढें १८९५ मध्यें बोर्दो येथील वैद्य आल्बेर पित्र यांनीं अनेकभाषी रोग्यांचा अभ्यास करून निराळें मत मांडलें. आघाताच्या वेळीं रोग्याच्या नित्य व्यवहारांत जी भाषा अधिक असते ती प्रथम परत येते, मग ती जन्मभाषा असो वा नसो, असें त्यांचें म्हणणें. या दोन नियमांपैकीं एकहि सर्व रोग्यांस लागू पडत नाहीं असें पुढील अनुभवानें दिसून आलें. परंतु या वादानें एक मोठें काम केलें. रोगी कोणत्या घरांत वाढला, कोणत्या बाजारांत वावरला, घरीं कोणती भाषा बोलला आणि कचेरींत कोणती, हे प्रश्न वैद्याच्या टिपणवहींत आले. मेंदूचा व्रण सारखा असूनहि दोन माणसांचें नुकसान सारखें नसतें, याची ती पहिली कबुली होती.

दुसरा धडा पहिल्या महायुद्धानें दिला. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनीं डोकीं फुटलेले हजारों तरुण शिपाई युरोपांतील रुग्णालयांत येऊन पडले. जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें कुर्ट गोल्डस्टाइन या वैद्यानें अशा शिपायांसाठीं एक संस्था चालविली. तिच्यांत रुग्णालयाबरोबर शाळा होती आणि कामाचे कारखानेहि होते. गोल्डस्टाइन यांनीं आपले रोगी खाटेवर पाहिले, तसेच ते कामावर व जेवतांनाहि पाहिले. त्यांना दिसलें कीं, भरलेला पेला पुढें ठेवला असतां जो शिपाई सहज पाणी पितो, त्यालाच रिकामा पेला देऊन 'पिण्याची नक्कल करून दाखवा' म्हटलें कीं तो गोंधळतो. खिळा समोर असतां हातोडा नीट चालतो. खिळा काढून घेतला कीं हात अडखळतो. नुसत्या नकलेच्या परीक्षेवरून निर्णय दिला असता तर या मनुष्याचा हात निकामी ठरला असता. नुसतें कारखान्यांतलें काम पाहिलें असतें तर त्याला कांहींच झालें नाहीं असें ठरलें असतें. दोन्ही निर्णय चुकीचे होते. खरी गोष्ट अशी कीं, प्रत्यक्ष प्रसंगाचा आधार सुटला कीं त्याची शक्ति सुटत होती.

याहून महत्त्वाचें असें एक निरीक्षण गोल्डस्टाइन यांनीं नोंदविलें. आपल्या आवांक्याबाहेरचें काम पुढें आलें कीं हे रोगी केवळ चुकत नसत. ते घाबरेघुबरे होत, संतापत, थरथरत, आणि मग थोडा वेळ त्यांना एरव्हीं सहज येणाऱ्या गोष्टीहि करतां येत नसत. उलट आपलें कपाट, आपलें मेज, आपल्या दिवसाचा क्रम हीं सर्व ते विलक्षण कांटेकोरपणें लावून घेत. वरवर पाहणारास हा नुसता छांदिष्टपणा वाटे. गोल्डस्टाइन म्हणाले कीं, हा छंद नव्हे, हा बचाव आहे. दुखावलेला मेंदू आपल्याला झेपेल एवढेंच जग आपल्याभोंवतीं आंखून घेतो. रोगाचें लक्षण म्हणून जें दिसतें त्यांत मेंदूची हानि किती आणि त्या हानीशीं झुंजणाऱ्या मनुष्याची धडपड किती, हें परिस्थिति पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं. हा विचार त्यांनीं १९३४ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला. तो ग्रंथ त्यांनीं ॲमस्टरडॅम येथें निर्वासित म्हणून तयार केला. कारण आदल्या वर्षीं नाझी राजवटीनें त्यांना बर्लिनमध्यें कैद करून देशाबाहेर घालविलें होतें. १९३५ मध्यें ते अमेरिकेस गेले.

तिसरा आणि सर्वांत मोठा अध्याय रशियांतला आहे. अलेक्सांद्र लूरिया हे १९०२ सालीं कझान शहरीं एका वैद्याच्या घरीं जन्मले. १९२४ च्या जानेवारींत एका परिषदेंत त्यांची लेव्ह व्हिगोत्स्की या तरुण शिक्षकाशीं गांठ पडली, आणि त्या भेटीनें त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. व्हिगोत्स्की यांचा सिद्धान्त असा होता कीं, मनुष्याच्या उच्च मानसिक शक्ति, म्हणजे हेतुपूर्वक स्मरण, अवधान, तर्क इत्यादि, मेंदूंत आयत्या भरलेल्या नसतात. भाषा, लिपि, मोजणी अशीं समाजानें घडविलेलीं साधनें हातीं येतात तेव्हां त्या आकार घेतात. हें खरें असेल तर निराळ्या समाजांत वाढलेल्या माणसाचे विचारव्यापार निराळ्या वळणाचे दिसले पाहिजेत. हें पडताळून पाहण्यासाठीं लूरिया १९३१ व १९३२ या दोन वर्षांच्या उन्हाळ्यांत मध्य आशियांतील उझबेकिस्तानांत व किरगिझांच्या डोंगरी मुलखांत गेले. स्वतः व्हिगोत्स्की क्षयानें आजारी असल्यामुळें जाऊं शकले नाहींत; १९३४ मध्यें त्या रोगानेंच त्यांचा अंत झाला.

ही तपासणी चायखान्यांत किंवा शेकोटीभोंवतीं, चहा पितां पितां, गप्पांच्या ओघांत केली जाई. स्त्रियांना वर्तुळ, त्रिकोण अशा आकृति दाखविल्या. ज्यांना शाळेचा वारा लागला नव्हता त्यांनीं वर्तुळास ताटली, चाळण किंवा चंद्र म्हटलें, आणि त्रिकोणास ताईत म्हटलें. ज्या शिक्षिका होण्यासाठीं शिकत होत्या त्यांनीं भूमितींतलीं नांवें सांगितलीं. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांतून न जुळणारी वस्तु निवडा, असें शेतकऱ्यांस विचारलें. शाळकरी मुलगा ओंडका बाजूस काढील, कारण बाकीचीं तीन हत्यारें आहेत. परंतु निरक्षर शेतकऱ्यास ओंडका काढून टाकणें हाच वेडेपणा वाटला. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड घेऊन करावयाचें काय? दुसऱ्या एका मनुष्यानें ओंडका काढला होता, असें त्याला सांगितलें, तेव्हां त्यानें त्या दुसऱ्या मनुष्याच्या अकलेची कींव केली.

मग तर्काचा प्रश्न निघाला. दूर उत्तरेस, जेथें बर्फ असतें, तेथील सर्व अस्वलें पांढरीं असतात. नोवाया झेम्ल्या हें बेट दूर उत्तरेस आहे. तर तेथील अस्वलें कोणत्या रंगाचीं? उत्तर उघड आहे असें आपणांस वाटतें. परंतु ज्यांनीं आपलें खोरें कधीं सोडलें नव्हतें त्यांच्यापैकीं कित्येकांनीं उत्तर देण्याचेंच नाकारलें. आपण काळें अस्वल पाहिलें आहे, पांढरें पाहिलें नाहीं. जें पाहिलें नाहीं त्याविषयीं बोलूं नये. तेथें जाऊन आलेल्या एखाद्या वृद्धास विचारावें. असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. पुढील गोष्ट अशी कीं, जे एक-दोन वर्षें शिकले होते, अथवा नव्या सामुदायिक शेतीच्या कारभारांत भाग घेत होते, ते अशा प्रश्नांस बहुधा शाळकरी माणसाप्रमाणें उत्तर देत. मेंदू तोच, खोरें तेंच. फरक काय तो पाटीपेन्सिलीचा.

आमच्या न्यायशास्त्राची ज्यांस तोंडओळख आहे त्यांना हें उत्तर ऐकून हसूं येणार नाहीं. पंचावयवी अनुमानांत नुसती व्याप्ति सांगून भागत नाहीं. तिला उदाहरण द्यावें लागतें. जेथें धूर तेथें अग्नि, हें कशावरून? जसा स्वयंपाकघरांत दिसतो त्यावरून. पाहिलेल्या उदाहरणाचा टेकू नसेल तर वाक्य पोकळ राहतें, आणि सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासू, नसेल तर त्याचा शब्द प्रमाण ठरत नाहीं. उझबेक शेतकऱ्यानें नकळत हेंच मागितलें होतें. त्यानें तर्क टाकला नव्हता; अनोळखी पाहुण्याच्या शब्दावर तर्क उभारण्याचें नाकारलें होतें. शाळा जी गोष्ट मुख्यतः शिकविते ती हीच कीं, गुरुजींनीं फळ्यावर जें लिहिलें तें खरें कीं खोटें याची चौकशी न करतां, तें खरें धरून पुढें काय निष्पन्न होतें तें सांगावें. ही संवय मोठ्या उपयोगाची आहे. परंतु ती संवय आहे, जन्मतः मिळालेली बुद्धि नव्हे.

लूरिया यांच्या निष्कर्षास येथेंच एक उणीव राहिली. त्यांनीं हा फरक इतिहासाच्या पायऱ्यांचा मानला: खालीं मूर्त विचार, वर अमूर्त विचार, आणि क्रांतीबरोबर माणूस खालून वर चढतो. ज्या परिस्थितीत ते प्रश्न विचारीत होते ती परिस्थिति मात्र त्यांच्या हिशेबांत पुरती आली नाहीं. १९२७ सालीं त्या मुलखांत स्त्रियांचा बुरखा उतरविण्याची सरकारी मोहीम सुरू झाली होती. त्यानंतर लवकरच जमिनी सक्तीनें एकत्र केल्या जाऊं लागल्या. त्या दशकाच्या अखेरीस उझबेक भाषेची अरबी लिपि सोडून लॅटिन लिपि आणण्यांत आली, आणि १९४० मध्यें तीहि बदलून रशियन लिपि आली. म्हणजे जुन्या लिपींत वाचणारा मनुष्य एका हुकुमानें निरक्षर ठरत होता. अशा दिवसांत राजधानीकडून आलेला विद्वान् चहाचा पेला पुढें करून न पाहिलेल्या गोष्टींविषयीं मत विचारूं लागला, तर 'जें पाहिलें नाहीं तें बोलत नाहीं' या उत्तरांत अज्ञान किती व शहाणपण किती, हें कोण सांगूं शकेल? परीक्षा घेणारा हाहि परिस्थितीचाच एक भाग असतो, ही गोष्ट या प्रवासावरून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून होते.

या संशोधनाचें पुढें जें झालें तेंहि परिस्थितीच्या प्रभावाचेंच उदाहरण आहे. अल्पसंख्य जनतेस मागासलेली म्हणून हिणविल्याचा आरोप लूरिया यांच्यावर आला, आणि तें काम सुमारें चाळीस वर्षें कपाटांत पडून राहिलें. तो ग्रंथ रशियन भाषेंत १९७४ सालीं छापला गेला. लूरिया यांनीं दरम्यान वैद्यकाचा रस्ता धरला. १९३७ मध्यें ते वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले आणि मेंदूच्या रोग्यांकडे वळले. उझबेक खेड्यांत विचारलेला प्रश्नच त्यांनीं आतां रुग्णालयांत विचारला: अमुक एक काम हा मनुष्य कोणत्या साधनांनीं, कोणत्या संवयीनें करीत आला आहे, आणि त्या साखळीची कोणती कडी आतां तुटली आहे?

दुसऱ्या महायुद्धांत उरल पर्वताच्या दक्षिण भागांत किसेगाच येथें जखमी सैनिकांसाठीं त्यांनीं रुग्णालय उभारलें. तेथें आलेल्यांपैकीं लेव्ह झासेत्स्की या तरुणाची कथा जगप्रसिद्ध झाली. हा यंत्रविद्येचा विद्यार्थी. २ मार्च १९४३ रोजीं लढाईंत गोळी डोक्यांत शिरून मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा मागील भाग दुखावला. उजव्या बाजूचें दिसेनासें झालें. उजवें-डावें कळेनासें झालें. अक्षरें परकीं झालीं. 'भावाचे वडील' आणि 'वडिलांचा भाऊ' यांतला भेद लागेना. अक्षरामागून अक्षर आठवून लिहूं गेल्यास हात थांबे. मग शिकविणारानें त्याला सांगितलें कीं, अक्षरांचा विचार न करतां, हात न उचलतां, सबंध शब्द एका झटक्यानें लिहा. आणि शब्द उमटला. बालपणीं जें एकेक अक्षर घोटून शिकलें होतें तें वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें हाताच्या गतींत जाऊन बसलें होतें. ती वाट शाबूत होती. लिहिलेलें त्याला स्वतःला मोठ्या कष्टानेंच वाचतां येई, तरी त्या वाटेनें तो सुमारें २५ वर्षें लिहीत राहिला, आणि जवळजवळ ३००० पानांची आपली कहाणी त्यानें लिहिली. लूरिया यांनीं ती १९७१ मध्यें आपल्या भाष्यासह प्रसिद्ध केली. ब्रोका यांच्या रोग्यास बोलतां आलें नाहीं आणि त्याच्याविषयीं कोणीं लिहिलें नाहीं; येथें रोगी स्वतःच ग्रंथाचा जोडलेखक झाला, इतकी मजल शास्त्रानें मारली होती.

लूरिया यांच्या पायऱ्यांच्या कल्पनेस उत्तर मिळालें तें आफ्रिकेंतून. पश्चिम आफ्रिकेंतील लायबेरिया देशांत व्हाय नांवाचे लोक आहेत. त्यांची स्वतःची लिपि आहे. ती शाळेंत नव्हे, तर घरीं एकमेकांपासून शिकतात व पत्रव्यवहारास वापरतात. कांहीं जण कुराणासाठीं अरबी शिकतात, कांहीं सरकारी शाळेंत इंग्रजी शिकतात. साक्षरता आणि शाळा या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहण्यास याहून चांगली जागा कोणती? सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या अमेरिकन संशोधकांनीं तेथें तपासणी करून १९८१ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पैकीं कोल हे पूर्वीं मॉस्को येथें लूरिया यांच्यापाशीं राहिले होते. त्यांना आढळलें तें असें कीं, नुसती लिपि आल्यानें सर्व बुद्धि एका पायरीनें वर चढत नाहीं. ज्या कामीं लिपि वापरली जाते त्या कामापुरतें कौशल्य वाढतें. आणि आपण असें उत्तर कां दिलें हें शब्दांनीं समजावून देण्याची हातोटी मुख्यतः शाळेंतून येते. त्याच देशांतील क्पेले शेतकऱ्यांविषयीं एक मार्मिक गोष्ट नमूद आहे. त्यांना वस्तूंचे गट लावण्यास सांगितलें तेव्हां त्यांनीं ज्या वस्तु कामांत बरोबर लागतात त्या जोडीनें ठेवल्या, आणि शहाणा मनुष्य असेंच करील असें सांगितलें. मग विचारलें, मूर्ख मनुष्य कसें करील? त्याबरोबर त्यांनीं भांड्यांत भांडीं व खाद्यांत खाद्यें असे अगदीं शाळेंतल्यासारखे गट लावून दाखविले! शक्ति होती, परंतु ती कोठें वापरावयाची याविषयींचें मत निराळें होतें.

शाळेचा ठसा प्रत्यक्ष मेंदूच्या व्यापारावर उमटतो काय? याचें उत्तर पोर्तुगालमधून आलें. त्या देशाच्या दक्षिणेस गरीब कुटुंबांत पूर्वीं अशी रीत होती कीं, थोरल्या मुलीनें घरीं राहून धाकट्यांस सांभाळावें व धाकटीनें शाळेंत जावें. अशा स्त्रिया पुढें वृद्ध झाल्या. एकाच घरच्या, एकाच गांवच्या, परंतु एक निरक्षर व दुसरी साक्षर. आलेशांद्रे काश्त्रु-काल्दाश व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत दिसलें कीं, अर्थ असलेले शब्द दोघीहि सारख्याच म्हणत; परंतु अर्थहीन उच्चार ऐकून पुन्हां म्हणावयास लावले कीं निरक्षर स्त्रिया अडखळत, आणि त्या वेळीं त्यांच्या मेंदूंत चालणारा व्यापारहि साक्षर स्त्रियांहून निराळा दिसे. अक्षरओळख झालेला मनुष्य शब्दाचे ध्वनि सुटे करून ऐकूं शकतो. ज्याला अक्षर नाहीं त्याला शब्द अर्थासकट अखंड ऐकूं येतो. आतां अशा थोरल्या बहिणीस वृद्धपणीं एखाद्या वैद्यानें अर्थहीन उच्चार म्हणावयास लावले आणि ती चुकली, तर तो कसला दोष म्हणावा? तिनें घर सांभाळलें म्हणून तिच्या मेंदूस रोग झाला असें ठरवावयाचें काय?

हा प्रश्न हिंदुस्थानास परका नाहीं. १९०५ मध्यें पॅरिस येथें आल्फ्रेड बिने यांनीं मुलांच्या बुद्धिमापनाची पद्धति काढली, आणि ती अमेरिकेंतून सुधारून जगभर गेली. तिचें नुसतें भाषांतर करून आपल्या मुलांपुढें ठेवणें योग्य नाहीं हें ओळखून व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं ती नव्यानें तयार केली, आणि १९४० मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठींत या दिशेनें पडलेलें तें एक महत्त्वाचें पाऊल होय. पुढें १९५५ मध्यें सी. एम. भाटिया यांनीं शब्दांपेक्षां हातांनीं करावयाच्या कामांवर भर देणाऱ्या कसोट्या हिंदी परिस्थितीसाठीं प्रसिद्ध केल्या.

वृद्धांच्या बाबतींत हीच अडचण निराळ्या रूपानें उभी राहिली. स्मृतिभ्रंशाचा संशय असल्यास घेण्याची ३० गुणांची एक छोटी परीक्षा अमेरिकेंत १९७५ मध्यें निघाली व ती सर्वत्र रूढ झाली. तींत तारीख सांगावी लागते, शंभरांतून सात-सात वजा करावे लागतात, कागदावरची आज्ञा वाचून तिचें पालन करावें लागतें, एक वाक्य लिहावें लागतें, आणि एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढावे लागतात. ज्या आजोबांनीं जन्मांत लेखणी धरली नाहीं त्यांचे गुण येथें रोगाविना कापले जातात. म्हणून हरियाणांतील बल्लभगड भागांतल्या खेड्यांतील वृद्धांसाठीं या परीक्षेचें एक हिंदी रूप तयार करण्यांत आलें व तें १९९५ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत लिहिण्याऐवजीं आपल्या घराविषयीं एक वाक्य बोलून सांगावयाचें. वाचण्याऐवजीं परीक्षकाच्या तोंडाकडे पाहून तो करतो तसें करावयाचें. मापावयाची वस्तु तीच ठेवली, माप मात्र त्या घरचें घेतलें. खेड्यांतील वृद्धास वेडा ठरवून कोपऱ्यांत बसविणें, किंवा उलट 'म्हातारपणीं असें व्हावयाचेंच' म्हणून खऱ्या रोगाकडे दुर्लक्ष करणें, या दोन्ही अन्यायांतून सुटण्याचा हाच मार्ग आहे.

कारण धोका दोन्ही बाजूंनीं आहे, हें विसरतां कामा नये. सर्व कांहीं परिस्थितीवर ढकलून मोकळें होणें हीहि एक चूकच आहे. लेबोर्न्यच्या मेंदूंतील हानि खरी होती, झासेत्स्कीच्या डोक्यांतील गोळी खरी होती. कोणत्याहि समाजरचनेनें ती नाहींशी झाली नसती. तसेंच, एखाद्या विद्वान् प्राध्यापकास परीक्षेंत पुरे गुण मिळाले म्हणून त्याचा मेंदू निरोगी असेलच असें नाहीं. आयुष्यभराच्या अभ्यासाची पुंजी मोठी असल्यानें ओहोटी लागली तरी तळ लवकर दिसत नाहीं. त्याची पत्नी सांगते कीं हे हिशेब विसरूं लागले आहेत, आणि परीक्षा सांगते कीं सर्व ठीक आहे. अशा वेळीं पत्नीचें म्हणणें अधिक लक्षपूर्वक ऐकावें लागतें. मनुष्याची तुलना प्रथम त्याच्या स्वतःच्या पूर्वायुष्याशीं, नंतर त्याच्यासारखें आयुष्य काढलेल्या लोकांशीं, आणि शेवटीं सर्वसाधारण मानवजातीशीं करावी, असा क्रम या दीडशें वर्षांच्या अनुभवांतून निष्पन्न होतो.

तात्पर्य, मेंदू सर्व मनुष्यांस निसर्गानें दिला आहे. परंतु त्यानें काय करावयाचें हें घर, भाषा, धंदा, शाळा आणि काळ यांनीं शिकविलेलें असतें. म्हणून रोग्यापुढें प्रश्नपत्रिका ठेवण्यापूर्वीं जाणत्या परीक्षकानें स्वतःस कांहीं प्रश्न विचारावे लागतात. हा मनुष्य कोणत्या भाषेंत हिशेब करतो? त्याच्या हातांना कोणतें काम ठाऊक आहे? अनोळखी माणसाच्या प्रश्नास उत्तर देण्याची त्याला संवय आहे कीं भीति आहे? यांचीं उत्तरें मिळाल्यावर जो दोष उरतो तो रोगाचा. त्याआधींच जो दिसतो तो कित्येकदां परीक्षेचाच असतो. हें भान ज्या वैद्यास आहे त्याच्या हातीं रोग्याचा मेंदू आणि रोग्याची अब्रू हीं दोन्हीं सुरक्षित राहतात.